बाजूला माणूस पाहिजे

बोलताना ते तुमच्या डोळ्यांत बघायचे नाहीत. तुमच्या डाव्या कानाच्या चार बोटं वर बघायचे. नवा माणूस असला की तो हळूच मागे वळून पाहायचा, भिंतीवर पालबिल आहे का म्हणून. बोळिंजच्या आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांचं मत होतं की काकांची नजर अधू आहे, आणि उरलेल्यांचं मत होतं की माणूस आखडू आहे. मला खरं कारण कळायला दोन वर्षं लागली. आणि मी तर त्यांच्या समोरच्याच दारात राहत होतो.

ते सिनेमाचे ऑपरेटर होते. विरार स्टेशनच्या बाजूला एक जुनं थिएटर होतं. आता तिथे बिल्डिंग आहे, खाली मोबाईलची दुकानं. त्या थिएटरात वरच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं त्यांनी मशीन चालवली. नजरेचं कारण त्यांनी मला एकदा जिन्यातच सांगितलं.

"सिनेमा तुकड्या-तुकड्यांत यायचा ना साहेब. एका मशीनवरचं रीळ संपायला आलं का पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, एक ठिपका येतो. एवढुसा. तो आला का दुसरी मशीन चालू करायची. दुसरा ठिपका आला का पडदा तिच्या ताब्यात द्यायचा. झालं."

"आणि ठिपका हुकला तर?"

"तर पांढरा पडदा. मग खालचं पब्लिक तुमच्या आईबापावर येतं."

एकतीस वर्षं एक माणूस पडद्याचा उजवा कोपरा बघत राहिला. पुढे त्याच्यासमोर माणसं आली, त्यांचाही तो कोपराच बघू लागला. समोरच्या माणसाचा तो कोपरा म्हणजे त्याच्या डाव्या कानाच्या वरची जागा. एवढंच होतं ते.

सोसायटीच्या मिटिंगला ते शेवटच्या खुर्चीत बसत. सेक्रेटरी टँकरच्या पाण्यावरून सुरू झाले की त्यांना आवरत नसे. अर्धा तास झाला की मागून शांत आवाज यायचा, "रीळ बदला आता." सगळे हसायचे. सेक्रेटरीही हसायचे आणि लिफ्टच्या विषयावर जायचे. बाकी मिटिंगभर काका एक शब्द बोलत नसत.

मीही बोलत नसे. आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. मी एक्कावन्न वर्षांचा आहे. फोर्टला एका कचेरीत नोकरी करतो. बायको आणि मुलगी सहा वर्षांपासून पुण्याला असतात. आमचं भांडण झालं नाही. भांडण व्हायला निदान दोघांनी तोंड उघडावं लागतं. "तुम्ही घरात असता की नाही हे मला बाथरूमच्या लाईटवरून कळतं," असं ती एकदा म्हणाली होती, आणि त्यावरही मी काही बोललो नव्हतो. मुलगी रविवारी फोन करते. आम्ही हवापाण्याविषयी बोलतो.

काकांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. ते मूळचे वसईजवळच्या उमेळ्याचे. तिथे त्यांच्या बहिणीचं मोठं घर, मागे वाडी, घरात लहानमोठी अकरा माणसं. महिन्यातून एकदा ते तिकडे जात. येताना केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणत आणि त्यातली एक जुडी पिशवीत घालून माझ्या दाराच्या कडीला अडकवून ठेवत. बेल वाजवत नसत. मला बेल आवडत नाही हे त्यांनी न विचारता ओळखलं होतं. मी रिकामी पिशवी घडी करून त्यांच्या कडीला अडकवायचो. एक वर्ष आमची ओळख एवढीच होती, आणि खरं सांगतो, त्या काळात माझी एवढी ओळख दुसऱ्या कुणाशीही नव्हती.

एका सिनेमाची गोष्ट त्यांनी मला टप्प्याटप्प्याने सांगितली. कधी जिन्यात, कधी गच्चीवर टाकी बघायला गेलो असताना.

इंग्रजी सिनेमा होता, भुताचा म्हणावा तर भूत नव्हे. सात माणसं यानातून कुठल्याशा ग्रहावर उतरतात. तिथल्या धुक्यातून काहीतरी त्यांच्याबरोबर यानात शिरतं. ते दिसत नाही. फक्त ते जिथे उभं असेल तिथल्या काचेवर आतून वाफ धरते, कुणीतरी श्वास सोडल्यासारखी. मग एकेक माणूस जातो. पुढे बऱ्याच वर्षांनी पेपरांत त्याच्यावर लेख आले, मोठा सिनेमा म्हणून त्याचं नाव झालं. पण विरारला तो आला तेव्हा कुणाला काही ठाऊक नव्हतं. इंग्रजीही कुणाला येत नव्हतं. पोस्टरवर एक काच होती आणि काचेवर हाताचा पंजा. त्यावर हाऊस भरलं.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच खेळाला, काकांनी पाचवं रीळ चौथ्याच्या आधी लावलं. डब्यांवरचे नंबर कुणीतरी खडूने घातलेले होते आणि पुसले गेले होते.

"पाचव्यात त्यांच्यातला डॉक्टर मरतो," ते म्हणाले. "मेला. पब्लिक गप. मग मी चौथं लावलं. चौथ्यात डॉक्टर चांगला जिता, कॉफी पितो. पब्लिक उठून उभं राह्यलं साहेब. शिट्ट्या. नाणी फेकली पडद्यावर. मेलेला माणूस परत आला ना."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी मी बरोबर लावला. तर लोकं केबिनचा जिना चढून वर. कालच्यांनी आज आपापल्या माणसांना आनलेलं, डॉक्टर परत येतो म्हनून. इथं येतच नाय. एक जन मला बोलला, तू मधला तुकडा कापून विकलास. मालक बोलले, बाबा, लाव कालच्यासारखा. आठवडाभर मी तसाच लावला. विरारमधी डॉक्टर रोज परत यायचा."

मी हसलो. गच्चीवर उभा राहून मोठ्याने हसलो. असा मी किती वर्षांनी हसलो ते मला सांगता येणार नाही. काकाही हसले, माझ्या कानाच्या वर बघत.

मग ते म्हणाले, "पन मी तो बघितला नाय."

एक मशीन चालू असताना ऑपरेटरला दुसरीची तयारी करावी लागते. उतरवलेलं रीळ उलटं गुंडाळायचं, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत येतात त्या सरकवायच्या, नवं रीळ चढवायचं. पडद्याकडे बघायचं ते केबिनच्या भिंतीतल्या भोकातून, ठिपक्यापुरतं. तो सिनेमा त्यांनी सहा आठवडे चालवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही पाहिला नाही.

"आता मिळत असेल की तो," मी म्हटलं. "घरी टीव्हीवर लावता येईल."

"एकट्यानं लावला तर ते पुन्ना चालवनंच झालं. बघनं म्हंजे बाजूला मानूस पाहिजे."

आणि मग, टाकीचं झाकण लावता लावता, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बायको लग्नानंतर दर शुक्रवारी थिएटरला यायची. खाली बाल्कनीत बसायची, कोपऱ्यातली सीट. ते वर केबिनमध्ये. खेळ सुटला की दोघं एकत्र घरी. "तीस वर्षं आम्ही एकाच पिक्चरला गेलो. शेजारी बसलो नाय कधी. ती रस्त्यानं मला स्टोरी सांगायची. पन हा इंग्रजी होता आनि तिला भ्या वाटायचं, म्हनून हा तिनं बघितला नाय. ह्याची स्टोरी मला कोनीच सांगितली नाय."

मी म्हटलं, "मी आणतो. बसू आपण."

हे मी म्हटलं. माझ्या तोंडून असं सहसा निघत नाही, पण निघालं.

कचेरीतल्या एका मुलीने पेन ड्राइव्हवर घालून दिला. मग तीन महिने तो माझ्या बॅगेत राहिला. काका विचारायचे नाहीत. रविवारी सकाळी दूध आणताना दोघांची गाठ पडली की ते फक्त म्हणायचे, "आज जेवून मोकळाच आहे मी." मी म्हणायचो, "आज जरा काम आहे." मला काही काम नसायचं. मी घरी येऊन आडवा व्हायचो आणि पंख्याकडे बघायचो. एखाद्याच्या घरी जाऊन दोन तास बसायचं, या कल्पनेनेच मला थकवा यायचा. तुमच्यात कुणी असा असेल तर त्याला हे कळेल. बाकीच्यांना मी समजावून सांगू शकणार नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी गेलो. 

त्यांनी तयारी केली होती. सोफा भिंतीपासून ओढून टीव्हीसमोर आणला होता. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. एका वाटीत खारे शेंगदाणे. स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, बाहेर जायला निघाल्यासारखे. मला बघून म्हणाले, "साहेब, पॅसेजच्या बाजूला तुम्ही बसा. मी आत."

सिनेमा सुरू झाला. पहिली वीस मिनिटं ते कोपरा बघत होते, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "काका, आता ठिपका येणार नाही. मधे बघा." ते हसले. मग खरोखर मधे बघू लागले, आणि त्यांचा चेहरा बदलला. शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडं राहिलं. सात माणसांची त्यांनी लगेच ओळख करून घेतली. "हा मरतो बघा. हा नाय मरत, ह्याचं मला आठवतंय, हा शेवटच्या रिळात पन होता." मग स्वतःच, "नको, मी सांगत नाय. चालू द्या."

मलाही भीती वाटू लागली होती. सिनेमा जुना, रंग उडालेले, पण तो करणाऱ्याला भीती कशी घालायची ते ठाऊक होतं. काहीच घडत नाही आणि काच हळूहळू धुरकट होते. यानातली एक बाई त्या काचेकडे पाठ करून कागद वाचत असते. मागे वाफेचा डाग मोठा होत जातो, तिच्या डोक्याएवढा, मग खांद्यांएवढा.

तेवढ्यात काकांनी माझा हात धरला.

मनगट नव्हे, हात. तळव्यात तळवा घालून, घट्ट. त्यांचं लक्ष पडद्यावर होतं. आपण काय केलंय हे त्यांना ठाऊकही नसावं. हात कोरडा होता, गरम होता, आणि अंगठ्याच्या मुळाशी कांड्यांनी भाजल्याचा जुना गुळगुळीत डाग होता, तो मला लागत होता.

आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून नीट सांगतो. सहा वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. सलूनवाला सोडून. मला वाटलं, माझ्या घशातून आता काहीतरी आवाज निघेल. कसला ते माहीत नाही. रडण्याचा असेल. तो आवाज या माणसासमोर निघाला तर मी पुन्हा याच्या समोरून जिना उतरू शकणार नाही, असं मला वाटलं. मी हात सोडवून घेतला. खिशातून फोन काढला. म्हणालो, "मुलीचा फोन आहे. मी आलोच. तुम्ही बघा."

फोन आलेला नव्हता. अंधाऱ्या खोलीत फोन पेटला नव्हता, आणि ज्या माणसाने एकतीस वर्षं एवढुशा ठिपक्यावर नजर ठेवली त्याला ते दिसलं नसेल असं मी कधी स्वतःला पटवू शकलो नाही.

"जा, बोला," ते म्हणाले. "मी थांबवून ठेवतो." रिमोट घेऊन त्यांनी सिनेमा थांबवला. ती बाई, कागद, मागे काच. मी दार ओढून घेतलं, माझं दार उघडलं, आत जाऊन पलंगावर बसलो. पाच वाजेपर्यंत बसून होतो. परत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगता आलं असतं, फोन लांबला म्हणून. आणखी एक थाप. तीही मला जमली नाही. मी सकाळी वीस मिनिटं आधी निघू लागलो. रविवारचं दूध शनिवारी रात्रीच आणून ठेवू लागलो. पुढच्या रविवारी दुपारी जेवणानंतर माझी बेल वाजली. त्या माणसाने माझी बेल कधी वाजवलेली नव्हती. मी दारापाशी गेलो, दाराच्या भोकातून बघितलं. इस्त्रीचा शर्ट होता. मी तसाच उभा राहिलो. माझं नाक दाराला लागलं होतं, भोकाच्या काचेवर वाफ धरली, आणि काका दिसेनासे झाले.

तेव्हा मला कळलं की त्या सिनेमात मी कोण आहे. कळूनही मी दार उघडलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी बेल पुन्हा वाजली. मग वाजली नाही. सुकेळी मात्र कडीला आली. मी रिकामी पिशवी त्यांच्या कडीला अडकवली, पहाटे, चोरासारखी.

पावसाळा संपता संपता ते बाथरूममध्ये पडले. मी कचेरीत होतो. संध्याकाळी वॉचमनने सांगितलं, भाची येऊन उमेळ्याला घेऊन गेली, खुब्याचं हाड मोडलंय. उमेळं म्हणजे काही परदेश नव्हे, वसई रोडला उतरून रिक्षा. मी दर रविवारी ठरवायचो. बूटही घालायचो. एकदा तर वसईला उतरलोही, स्टेशनबाहेर एक नारळपाणी प्यालो, आणि पुढच्या गाडीने परत आलो. असे साडेतीन महिने. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. बाविसावे हात माझे होते.

मी गेलो तो बाराव्या दिवसानंतरच्या रविवारी. घर सापडायला त्रास झाला नाही. एका बाजूला सात मजल्यांची बिल्डिंग उठलेली, दुसऱ्या बाजूला अजून केळीची वाडी. ओट्यावर भाची तांदूळ निवडत होती. चाळिशीची, बोलकी बाई. मी बोळिंजचा, समोरच्या दारातला, असं सांगितल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

"मामा तुमचं नाव घ्यायचे. या ना, आत या. तुमचा तो पेन ड्राइव्ह आहे आमच्याकडे. मामांनी पिशवीत घालून आणलेला, औषधांच्या आधी."

मी विचारलं, कशाला.

"बघायला. खाटेवर असताना एका दुपारी सगळ्यांना बसवलं त्यांनी. भाताची कापणी चालू होती, तरी बसवलं. आम्ही बोललो, तुमचा अर्धा झालाय ना, पुढचा लावतो. तर नाही. पहिल्यापासून लावा, बोलले. अकरा माणसं घरातली, वर शेजारची चार. पोरं किंचाळतायत, शेजारच्या आजी विचारतात ही धुरकटलेली काच कोन पुसत का नाय. मामांना हसून हसून खोकला लागला."

"शेवटपर्यंत बघितला?"

"शेवटपर्यंत. नंतर दोन दिवस तेच. कोण आलं की स्टोरी सांगायचे."

मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्याच क्षणी असं वाटलं की मी इथे कशासाठी आलोय, ते आता उरलंच नाही. मी माफी मागायला आलो होतो, एका माणसाला एकटं टाकल्याबद्दल. तो माणूस पंधरा जणांत बसून हसला होता. घरी पंखा बघत मी होतो.

ओट्याच्या आतल्या बाजूला, बाकावर, त्यांची मोठी बहीण बसली होती. ऐंशीच्या पुढची, लुगड्यातली, कान शाबूत. ती इतका वेळ माझ्याकडे बघत होती. थेट डोळ्यांत.

"ह्ये तेच का?" तिने भाचीला विचारलं. "भ्यालेले साहेब?"

"आई, गप की." भाची ओशाळली. मला म्हणाली, "मनावर घेऊ नका. मामाच बोलायचे. आम्ही विचारायचो ना, तुमचे ते शेजारी बघायला पण येत नाहीत का म्हणून. तर मामा बोलायचे, त्यांना काय बोलू नका, साहेब भितात. एकटे असतात ना."

"सिनेमाला," मी म्हटलं.

"हां, सिनेमालाच. असंच आम्हाला वाटलं."

म्हातारी बाकावरून म्हणाली, "मला नाय वाटलं."

अंगणात कुणीतरी पाण्याचा पंप चालू केला. भाची आवाजाने तिकडे बघू लागली. म्हातारीने नजर हलवली नाही. मला नेहमी करतो ते करता आलं असतं. घड्याळ बघायचं, निघतो म्हणायचं. चपला पायातच होत्या.

"हो," मी म्हटलं. "मीच तो. फोन आला नव्हता आजी. मी उगाच सांगितलं."

"त्याला म्हाईत होतं."

"मग त्यांनी परत बेल का वाजवली?"

"तुमी आत होतात म्हनून," ती म्हणाली.

मग ती सरकली. बाकावरची सुपारीची डबी उचलून तिने मांडीवर घेतली, रिकाम्या झालेल्या जागेवरची धूळ पदराने पुसली, आणि भाचीला चहा टाकायला सांगितलं. मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.